आतली बोली

मला पुण्याच्या एसटीत बसवायला माझा बाप हवालदाराच्या वेशात आला होता. अंगात खाकी, छातीवर पितळी बिल्ला, हातात दंडुका आणि पायात टायरच्या चपला. सकाळपासून तो गावं फिरत होता, आणि कपडे बदलायला पालावर गेला असता तर गाडी चुकली असती. लातूरकडच्या मुरूडच्या स्टँडवर कंडक्टरनं हसत त्याला कडक सलाम ठोकला. आम्ही बहुरूपी. बाप हवालदार होऊन दारोदार जायचा, 'चला ठेशनात, काल तुमच्या चुलीवर दूध उतू गेलं, गुन्हा दाखल झालाय' असं दरडावायचा, लोक हसायचे आणि पसाभर ज्वारी घालायचे. असल्या बापाबरोबर चारचौघांत उभं राहायची लाज मला लहानपणीच सुटली होती.

त्या दिवशी मात्र स्टँडवर कंडक्टर सोडून कुणी हसलं नाही. पाऊस सलग दगा देत होता, विहिरींचा तळ दिसत होता, टँकर आला की बायांची झोंबाझोंबी व्हायची. बा खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "लोक सोंगाला हसंना झालेत. हे लक्षन बरं न्हाई." मग आणखी खाली वाकून म्हणाला, "शीक काय शिकायचं ते. आतलं भाईर न्हाई न्यायचं, येवढं ध्यानात ठिव." हे दोन्ही तो आमच्या बोलीत म्हणाला. इथं मी ते मराठीत लिहितोय.

त्या बोलीला आम्ही 'आतली' म्हणतो. पालात, आपसात, पोराबाळांशी आतली, पालाबाहेर मराठी. पोराला समज आली की त्याच्या जिभेवर खंडोबाचा भंडारा ठेवतात आणि शपथ घालतात, ही बोली परक्यापुढं उलगडून सांगायची नाही. मीही घेतली होती. भंडारा कडू लागला म्हणून मी थुंकायला गेलो तेव्हा बानं तोंड दाबून धरलं होतं. आमच्यातले जे पुणं-मुंबई-हैदराबाद करून बसलेत आणि पोरांना आपली जात सांगताना घसा खाकरतात, त्यांनाही ती चव आठवत असेल. आतलीतला एकही शब्द मी इथं देणार नाही. उगाच शोधत बसू नका.

आता बहुरूप्याचं पोरगं भाषाशास्त्राकडं वळलं कसं? नांदेडला होस्टेलात राहून बी.ए. केलं, तिथं हदगावचा एक मित्र होता. त्याचे वडील शाळामास्तर, घरात पुस्तकं, त्यामुळे कुठं काय शिकता येतं हे त्याला पाठ. तो म्हणाला, "तू गावागावाची बोली हुबेहूब काढतोस. निलंग्याचा माणूस वेगळा, देगलूरचा वेगळा. याचंच शिक्षण असतंय पुण्यात, जा की!" मी पालावर येऊन सांगितलं, तर बा बुचकळ्यात पडला. "भाषा शिकून काय करनार? बोलता तर येतंय की तुला!" खरं सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर डिपार्टमेंटमध्येही फारसं कुणाकडं नव्हतं.

पुढं उत्तरं आपोआप दिसत गेली. आमच्या वर्गातला एकजण कोशाच्या कामाला लागला आणि जन्मभर शब्दांचे अर्थ लावत बसला. एक मुलगी इस्पितळात, झटक्यानं वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवते. एकजण भाषांतरात रमला, एकजण अमेरिकेत जाऊन कॉम्प्युटरला बोलणं समजावतोय म्हणे. तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. वर्गात टेप लावून मध्येच थांबवायचा, तोच तुकडा पुन्हा ऐकायचा, जीभ कुठं लागते ते आरशात बघायचं. मला वेड लागायचं बाकी होतं. आपण तोंडानं रोज काय काय करतो हे कळल्यावर मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा वर्गात प्रत्येकाला विचारलं, घरी काय बोलता? मी म्हणालो, मराठी. त्या माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. नंतर केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, "तुमच्या समाजाची वेगळी बोली आहे ना? त्यावर कुणीही काम केलेलं नाही. तुम्ही केलंत तर फेलोशिप, पीएच.डी., सगळं समोर आहे." मी म्हणालो, तसं काही नाही मॅडम, लोक उगाच बोलतात. त्या नाराज झाल्या. तिथून बाहेर पडलो तेव्हा तोंडाला कडवट चव आली होती. मला भीती वाटली, हे खरंच सांगतो. इतकी हुशार, इतकी भली बाई मागं लागली तर मी किती दिवस नाही म्हणणार होतो?

सुट्टीत घरी गेलो की दर खेपेला दिवस आणखी वाईट. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. नवी कचेरी, नव्या पाट्या, नव्या जीपगाड्या, आणि बाहेरून आलेले नवे साहेब. पूर्वीचे हवालदार माझ्या बाला नावानिशी ओळखायचे, त्याच्या सोंगावर स्वतःच हसायचे, जुना पट्टाही त्यांनीच दिला होता. ते बदलून गेले. त्यात दुष्काळ, त्यात चोऱ्या. कुणाची शेळी जायची, कुणाचं कणगीतलं धान्य. गावच्या वेशीवर पोरं आमच्या माणसांना अडवायला लागली. कुत्री सोडायला लागली. पालात आतलीतही लोक हळू आवाजात बोलायला लागले होते. बा म्हणायचा, "एक पावसाळा निघू दे." तो पावसाळा निघाला तो कोरडाच.

परीक्षा तोंडावर असताना होस्टेलच्या फोनवर मेव्हण्याचा निरोप आला. बाला आणि नामाकाकाला, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याला, धरून नेलंय. एका गावात दुकान फुटलं होतं आणि हे दोघं त्याच सकाळी खाकी घालून तिथं हजर. मिळेल त्या गाडीनं निघालो. वाटेत बार्शीपासून पुढं बाहेर बघवत नव्हतं, नुसती भुई आणि तिच्यावर हाडं निघालेली जनावरं. चौकीत पोचलो तर तिथल्या शिपायानं कानात सांगितलं, "खाकीपायी धरलंय, पर ठिवलंय बोलन्यापायी. दोघं कोंडल्यापासनं कायतरी निराळंच बोलून ऱ्हायलेत. साहेब म्हनतेत, चोरांची टोळी हाय, इशारे चाललेत."

साहेब तरुण होते, परप्रांतातले, पुस्तकी मराठी बोलणारे. मी शिपायाकडून एवढंच कळवलं होतं की पुण्यात भाषाशास्त्र शिकतो, भेटायचं आहे. मुलगा आहे हे सांगायला तोंड उघडणार, तोच साहेब उठून उभे राहिले. "भाषाशास्त्र? वा! मला तुमच्यासारखाच माणूस हवा होता." खुर्ची दिली, चहा मागवला. त्या चहाच्या कपाची मला जेवढी धास्ती वाटली तेवढी दंडुक्याची वाटली नसती. ते म्हणाले, "हे दोघे काय बोलतात ते मला सांगा. निष्पाप असतील तर आज सोडतो. नाहीतर उद्या कोर्टात उभे करतो, मग माझ्या हातात काही राहणार नाही." मला तो माणूस वाईट वाटला नाही. आजही वाटत नाही.

दोघांना समोर आणलं. बाच्या अंगावर तीच खाकी होती, बिल्ला मात्र काढून घेतलेला. गालावर वळ उठला होता. मला खुर्चीत, हातात कप, साहेबांच्या शेजारी बघून त्याच्या तोंडावरची एक रेघ हलली नाही. आयुष्यभर सोंगं काढलेला माणूस तो! साहेब म्हणाले, बोला आपसात. बा नामाकाकाकडं तोंड करून आतलीत बोलला: "या पोराला म्हन, ह्यांना वळखत न्हाई म्हनून सांग. उठ आन् पुन्याला जा. परीक्षा हाय त्याची. आमचं आमी बघू."

"काय म्हणाला?" साहेबांनी विचारलं.

काहीतरी बनवून सांगता आलं असतं. नाहीतर हे काही कळत नाही म्हणून गप्प बसता आलं असतं, बाला तेच हवं होतं. पण उद्या कोर्ट, मग तुरुंग, आणि त्या वर्षी बहुरूप्याचं ऐकून घेणारं कोण होतं? मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "साहेब, हा माझा बाप आहे. तो म्हणतोय, मी त्याला ओळखत नाही असं तुम्हाला सांगावं."

बानं डोळे मिटून घेतले.

साहेबांना ते खरं वाटेना. त्यांनी परीक्षाच घेतली. नामाकाकाला कोपऱ्यात नेऊन कानात एक वाक्य सांगायचे, नामाकाकानं ते मला आतलीत सांगायचं, मी मोठ्यानं मराठीत. घोडा पळाला. बाई पाणी आणते. सूर्य मावळला. नामाकाका बिचारा घाबरून भराभर सांगत होता, शिपाई दारात गोळा झाले होते, एकेक वाक्य बरोबर निघालं की 'अरे तिच्यायला!' म्हणून टाळ्या पडत होत्या. बा एकटा भिंतीकडं तोंड करून उभा होता. शेवटी साहेब खळखळून हसले. घोडा, पाणी, सूर्य, सगळ्याला जिच्यात शब्द आहेत ती टोळीच्या इशाऱ्यांची नव्हे, घरातली बोली आहे, हे त्यांना पटलं. दिवस मावळायच्या आत दोघं सुटले. जाताना एका शिपायानं आतलीतले दोन शब्द आमच्याच मागं फेकले आणि बाकीचे हसले.

आम्ही तिघं पायीच पालाकडं निघालो. पाल दिसायला लागलं तेव्हा बा म्हणाला, "जेवलास का?" मराठीत. जन्मल्यापासून त्यानं मला घरचं काही मराठीत विचारलं नव्हतं. मी तिथं रस्त्यात हमसून रडलो. त्यानं पाठीवर हात ठेवला, पण पुढं जे काही बोलला ते मराठीतच.

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत आमचे पंच बसले. रागावलेले होते आणि त्यांना रागवायचा हक्कही होता. ते दोन शब्द तोवर चौकी-चौकीत पोचले होते. आमच्यातलं कुणी रस्त्यानं दिसलं की हवालदार त्याच शब्दांनी हाक मारायचे, आमच्या बायांनासुद्धा. माणसं पालं उठवून आंध्रात उतरत होती. पंचांनी मला वाळीत टाकलं नाही. रोटी चालू, बेटी चालू, सणाला बोलावणं चालू. फक्त माझ्याशी आतली बंद. शपथ मोडलेल्याच्या कानावर ती पुन्हा घालायची नाही. सगळ्यात आधी बानं हात वर करून मान्यता दिली. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं, नाहीतर त्याचीही बंद झाली असती.

पुण्याला परत आल्यावर मॅडमना कुठून तरी कळलं. त्या म्हणाल्या, "आता तर लपवण्यासारखं काही उरलं नाही. लिहा." तुम्हाला वाटेल मी चिडलो. चिडलो नाही, त्यांचं गणित बरोबर होतं. पण मी ऊसतोड्यांच्या मराठीवर काम केलं, साधी दुसऱ्या वर्गाची पदवी घेतली आणि फेलोशिप दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढं नोकरी लागली ती परप्रांतातून येणाऱ्या अधिकाऱ्यांना मराठी शिकवायची. त्यात दर वर्षी एखादा खाकीतला तरुण असतोच. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, कळलं नाही म्हणजे कट शिजतोय असं नसतं हो! ते हसतात आणि लिहून घेतात.

मला पुष्कळदा विचारतात, पुन्हा तशी वेळ आली तर? तर पुन्हा तेच करीन. बाप तुरुंगात घालून बोली राखणारा मी कोण लागून गेलो? पण किंमत कसली मोजली ते ज्यानं मोजली त्यालाच ठाऊक. मी आतलीत स्वप्नं बघायचो, तीही हळूहळू मराठीत पडायला लागली. आरशासमोर उभं राहून स्वतःशी बोलून बघितलं. एकट्यानं बोलायला फार विचित्र वाटतं.

सध्या बा माझ्याकडं आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी आहे. माझ्याशी तो नीट मराठीत बोलतो, औषध झालं, पंखा कमी कर, सूनबाईला सांग भाजी चांगली झाली. काल मोठी बहीण लातूरहून आली. तिच्या पोरांना आतली येत नाही, पालंही आता कुणी टाकत नाही, नामाकाका गेला. म्हणजे ती बोली बोलणारी आमच्या घरात ही दोनच माणसं उरलीत, आणि बाचं वय तुम्ही धरूनच चला.

दुपारी ऑफिसातून लवकर आलो. किल्लीनं दार उघडलं तर आतल्या खोलीत दोघांचं बोलणं चाललं होतं. बा कुठल्या तरी जुन्या सोंगाची गोष्ट सांगत होता, बहीण पोट धरून हसत होती. कितीतरी शब्द असे होते की मी ते विसरलोय हेसुद्धा मला माहीत नव्हतं. बॅग तशीच खांद्यावर ठेवून मी पॅसेजमध्ये उभा राहिलो. बूट काढले नाहीत, आवाज होईल म्हणून. मी आत गेलो की ते थांबतं. म्हणून मी गेलो नाही.