चंद्रावतीकाकीच्या पायाचं मलम

माझी चंद्रावतीकाकी तोंडवलीच्या बाजारात उभ्याने मासे विकते. शेजारची सारिका चिडवते, "काय गो, आजय उभी? आमदारकीक उभी रवलंस काय?" काकी सगळ्यांत मोठ्याने हसते. बसता येत नाही, हे ती कुणाला सांगणार?

खाज होती जांघांच्या मधे, लघवीच्या जागेभोवती. पण मेडिकलवाला यतीन तिच्या भाच्यासारखा. त्याला कसं सांगायचं? म्हणून काकी म्हणाली, "पायाक खाज येता रे. बोटांच्या मधी."

"गजकर्ण असतला!" यतीन नाकातून ओरडला. "ह्या मलम घे मावशे, एकदम जालीम!"

जालीमच होतं. दोन दिवसांत आराम. ट्यूब थांबवली की खाज परत. अशा कितीतरी ट्यूबा गेल्या. मग कातडी पातळ झाली, चिरा पडल्या, लघवीला आग होऊ लागली. यतीन म्हणाला, "पाय दाखव बघू." काकीने खरंच पाय वर केला.

"पाय तर बरो आसा!"

"रातचो खाजता," काकी म्हणाली. त्याने आणखी एक ट्यूब दिली.

शेवटी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंसमोरही आधी पायच पुढे आला. "काकी, पाय नको!" मी कुजबुजले. मग ती पडद्याआड गेली.

"मावशी, या ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉईड आहे. नाजूक जागेला हे नाही चालत," बाई शुद्ध मराठीत म्हणाल्या. "ट्यूब बंद. तिथे साबण, जंतुनाशक बंद. हे साधं मलम लावा, क्रीमपेक्षा कमी झोंबेल. ट्यूबची सवय सुटताना थोडे दिवस आग वाढेल, पण घाबरून परत जुनी ट्यूब लावायची नाही. वाढतच गेली तर लगेच या. आणि ओल्या कपड्यात राहू नका."

"मासे काय सुक्या पाण्यात धुवतले?" काकीने विचारलं. बाई हसल्या नाहीत.

आग वाढलीच. तिसऱ्या दिवशी काकी न्हाणीच्या दाराला धरून उभी होती. "ती ट्यूब खंय टाकलंस गो?"

"नाय सांगणार."

"इल्लीशी लावतंय. उद्या बाजार आसा."

"काकी, नको ना."

"मगे मी काय करू? तू सांग."

मी गार पाण्याचा फडका पिळून दिला. तो घेऊन ती आत गेली.

सकाळी तिने माशांची पाटी डोक्यावर घेतली. बर्फाचं पाणी पाटीतून ठिबकलं, पाठीवर आलं आणि लुगड्यात उतरत गेलं.