चेनीचं तेल आणि जाऊबाईंचा शालू

आमच्या गाडीची चेन इतकी कुरकुरायची, की आम्ही वेशीत शिरलो की सासूबाई घरात चहाचं आधण ठेवायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणाला माजलगावला असं कुरकुरत जायचं? सकाळी नवऱ्याच्या मागं लागले, तेल घाला म्हणून.

त्यांनी बाटलीतलं जळकं ऑइल काढलं आणि चाक फिरवत थेंब थेंब सोडायला लागले. मला कुठला दम निघतोय? "अहो, वता की एकदाचं."

"लई झालं तर उडतंय. थांब, फडक्यानं पुसून घेतो."

"उशीर होतोय, चला," म्हणत मी बाटली त्यांच्या हातातून घेऊन ओतलीच. चेनीवरचं कव्हर पावसाळ्यातच काढून ठेवलेलं. काळ्या रानातला चिखल त्यात अडकला की चाकच फिरत नाही. ते परत बसवायचं राहून गेलेलं. मी पाय सोडून बसले तेही चेनीच्याच बाजूला.

अंगावर मोठ्या जाऊबाईंचा शालू होता. अबोली रंगाचा, त्यांच्या लग्नातला. त्यांना मूल नाही, आणि ओटी भरायला अशा बाईला कुणी नेत नाही. आदल्या दिवशी शालू द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी येऊ का गं? लांबच बसते, तिला नुसतं बघते." मी बोलून गेले, "गाडीवर जागा कुठं हाय?" आमच्याकडं एका गाडीवर चौघं बसतात. त्यांनी शालूची घडी माझ्या हातात दिली.

बहिणीच्या दारात उतरले तर बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शालूचा काठ काळ्या शिंतोड्यांनी भरला होता. बहिणीची ओटी मी निऱ्या पोटाशी गोळा करून कशीबशी भरली. येताना गाडी अगदी गप आली.

घरी साडी बदलली आणि शालू घेऊन जाऊबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी डाग बघितले, पावडरचा डबा आणला आणि तेल शोषायला पावडर काठावर दाबत बसल्या.

"बहीण कशी दिसत होती?"

मला रडू फुटलं. "बाई, माझं चुकलं."

"तिघं बसलो असतो," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तर मी मागून काठ धरला असता की तुझा."