अख्खी गल्ली तपासणारे काळे सर

काळे सर गेले. परवा संध्याकाळी, हार्ट अटॅकने.

जन्मभर दुसऱ्यांच्या छातीची काळजी केली. स्वतःची कधी दाखवून घेतली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परभणीत आम्ही दोघं टीबी आणि साथीच्या आजारांचं काम करायचो. ते माझे सीनियर. कुणाला लागण झाली की तो कुठे राहतो, खोलीत आणखी कोण आहे, त्यांना काही झालंय का, हे शोधायचं.

हॉस्टेलं, मजुरांच्या खोल्या, भरतीच्या तयारीला आलेल्या मुलांनी मिळून घेतलेला एखादा हॉल. आमची सगळी नोकरी अशाच घरांच्या उंबऱ्यांवर गेली.

मला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर्सनी शिकवलेलं, आधी नॉक करायचं आणि थांबायचं.
सर रस्त्यावरूनच ओरडायचे, "हाय का कुणी घरात? चहा पाजा, लय लांबून आलोत!"
दार उघडायचंच.

आज एकच आठवण लिहिते. जिची आहे तिला विचारून.

पाथरीकडच्या एका खेड्यातली मुलगी. नाव लिहिणार नाही, सर रागावतील. परभणीत स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. एका काकूंच्या घरी चौघींत एक खोली.
तिला टीबी निघाला.

रडली नाही. औषधं नीट घेईन म्हणाली. मग हळूच म्हणाली,
"मॅडम, घरमालकीण काकूंना कळलं तर माझी पेटी रस्त्यावर. गावी गेले की बाबा लग्न लावून देतील. मग कुठली परीक्षा?"

आणि तिच्या खोलीतल्या तिघींना तर तपासायलाच हवं होतं. काकूंनाही.

मी म्हणाले, "सर, त्यांना गुपचूप दवाखान्यात बोलावून घेऊ."
"आन् काकू इचारतील, आमालाच का?"
"मग काय करायचं?"
"अख्खी गल्ली तपासू."
मला वाटलं, चेष्टा करतायत.
"सर, एवढी माणसं कुठायत आपल्याकडे?"
"आपण दोघं हावोत की. एकाच दारावर थांबलो तर लोक त्या दाराकडं बोट दाखवतेत, मॅडम. सगळ्याच दारांवर थांबू."

आमच्या जीपवर मोठ्या अक्षरांत 'क्षयरोग' लिहिलेलं. ती त्यांनी लांब लावायला सांगितली. तिथून चालत.

खोकला आहे का, वजन घटलं का, ताप येतो का. घरोघरी तेच प्रश्न. कुणी चहा दिला, कुणी दार लावून घेतलं.
एक आजोबा म्हणाले, "खोकला हाय, पण सून समोर आली की येतो."
सर म्हणाले, "मग आधी सुनेला तपासू."
आतून सून खो-खो हसली.

काकूंचं घर गल्लीच्या मध्यावर. मुली तपासल्या, तपासायला काकूंच्या थुंकीची डबी घेतली. निघताना काकूंनी अंगणातच सरांना अडवलं.

"सायेब, खरं सांगा. माझ्याकडच्या कुण्या पोरीला हाय का?"

ती मुलगी समोरच नळाखाली बादली भरत होती. बादली भरून वाहायला लागली, तरी तिचा हात नळाकडे गेला नाही.

'नाही' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. सर खोटं बोलले नाहीत.

"काकू, उद्या तुमच्याच छातीत काही निघालं आन् शेजारीण मला इचारायला आली, तर सांगू?"
काकूंनी घाईनं नकाराची मान हलवली.
"न्हाई सांगणार. तसं तुमालाबी कुणाचं सांगणार न्हाई. पण पोरींच्या खोलीच्या खिडकीला फळी ठोकलीय, ती आजच काढा, हवा खेळू द्या."
"समोरची टवाळ पोरं डोकावतेत ना."
"मग वरची अर्धी काढा. डोकावायला शिडी आणावी लागंल त्यांना."
काकूंना हसू आवरेना.

बाकीच्या मुली क्लिअर निघाल्या. काकूही.

पण माझ्या मनातली धास्ती जाईना. तिचा फोन आला की वाटायचं, आज पेटी रस्त्यावर आली.

औषधांचा कोर्स संपला तेव्हा ती पेढे घेऊन ऑफिसात आली. आणि तिच्या मागोमाग काकू!
मी घाईघाईनं दोन खुर्च्या पुढे ओढल्या.

काकू बसल्याही नाहीत.
"हिला रोज एक अंडं उकडून दिलं म्या. लय वाळली होती. कशानं, ते म्या इचारलं न्हाई अन् हिनं सांगितलं न्हाई. आज म्हणली, काकू, चला माझ्यासंगं. आले."

कधी शब्दाला अडले नाहीत ते सर. त्या दिवशी चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले.
मग म्हणाले, "आन् खोली, काकू?"
"खोली हिचीच हाय. परीक्षा व्हायचीय की आजून."

ती आता नोकरीला आहे.

काल सरांच्या घरी दोघी आल्या होत्या. काकूंना आता चालवत नाही, तिनं त्यांना धरून आणलं. गर्दीत मागे उभ्या राहून दोघींनी हात जोडले.

सरांच्या मुलानं मला हळूच विचारलं, "मावशी, या कोण?"

मी म्हणाले, "सरांच्या ओळखीच्या."

सर, निवांत जा. आम्ही कुणीच कुणाचं काही सांगितलेलं नाही.
तुम्हाला मनापासून नमस्कार.