बिनझाडांचा पडदा

नाना एखादी गोष्ट बघायचे तेव्हा उजव्या हाताची मूठ सैल करून तिची नळी करायचे आणि तिला एक डोळा लावायचे. चहाचा ग्लास, खिडकीतली चिमणी, हेडक्लार्कांचं टक्कल, काहीही चालायचं. कुणी विचारलं, "काय दिसतंय नाना?" की म्हणायचे, "बघतोय. दिसलं तर सांगतो."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे हसतात आणि तो रजेवर गेला की सगळ्यांनाच करमत नाही.

आमचं ऑफिस कालव्यांचं. नाना तिथे ड्राफ्ट्समन होते. दिवसभर वाकून नकाशे काढायचे. मी नांदगावकडच्या खेड्यातून बी. ए. होऊन नाशकात क्लार्क म्हणून रुजू झालो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. नानांना ते कळलं आणि त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "या ग्रॅज्युएट, बसा." त्यात थट्टा होती, पण माझ्यासाठी स्टूल ते स्वतः पुढे ओढायचे. शहरात मला पहिल्यांदा बसायला सांगणारा माणूस तोच.

ऑफिस सुटल्यावर नाना एका हौशी नाटकमंडळीसाठी पडदे रंगवत. त्यांचा बागेचा पडदा प्रसिद्ध होता. मध्ये कारंजं, दोन बाजूंना अशोकाची झाडं. नाटक ऐतिहासिक असो की सामाजिक, कुठल्यातरी अंकात पात्रं त्या बागेत येऊन जात.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मंडळीचा दिग्दर्शक बँकेत नोकरीला होता, तरुण आणि पुण्यामुंबईची नवी नाटकं पाहून आलेला. माघात एका संध्याकाळी तालमीत तो म्हणाला, "नाना, राग मानू नका. नाटक नवं असतं, पण बाग तीच. लोक आता झाडांना ओळखतात."

सगळे हसले. नानाही हसले, पण उशिरा.

"मग काय काढू?"

"काहीच नको. मागे काळा पडदा सोडू. हल्ली तसंच करतात."

नव्या नाटकात शेवटी पहाट होते आणि एक बाई घर सोडून जाते. नाना म्हणाले, "पहाट काळ्या पडद्यावर कशी होईल?"

"पाडव्यापर्यंत दाखवा काहीतरी. नाहीतर रामनवमीच्या प्रयोगाला काळा."

घरी जाताना नाना सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "एकदा काळा पडदा चालला ना ग्रॅज्युएट, की मला परत कोण बोलावतंय? आणि खरं सांगू, तो बोलला ते बरोबर आहे. झाड म्हटलं की माझा हात आपोआप तेच झाड काढतो. मी झाड बघून किती वर्षं झाली, देव जाणे."

मग फाल्गुनातल्या प्रत्येक रविवारी आम्ही दोघे सायकलवर वसंत शोधायला निघालो. पेठ रोडला पळस पेटलेला होता. नानांनी मुठीतून पाहिलं. "छान आहे. पण हे तर वाण्याच्या कॅलेंडरवर आहे." आंब्याच्या मोहोराखाली उभे राहिले. "वास रंगवता येत नाही." काटेसावरीवर कावळे आणि साळुंक्या भांडत होत्या. ते बघत मात्र बराच वेळ बसले, आणि मग म्हणाले, "यांना काढलं तर नाटक कोण बघेल?"

मखमलाबादेकडे एका मळ्यात झेंडूच्या वाफ्याशी आम्ही असेच उभे होतो. मळेवाली बाई फावडं घेऊन आली.

"फुलं घ्यायचीत का?"

"नाही हो, नुसतं बघतोय."

"बघून झालं असंल तर बांधावरनं उतरा. मला पाणी सोडायचंय. लय वेळ झाला, तुमच्या पायापाशी आडलंय ते."

परत येताना नाना वाटभर हसत होते. त्यांच्या हाती मात्र काही लागलं नव्हतं.

रंगपंचमीला त्यांनी मला जुन्या नाशकातली रहाड दाखवायला नेलं. तुम्ही नाशकाचे नसाल तर सांगतो. रहाड म्हणजे रस्त्यातला दगडी हौद. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून माणसं येतात-जातात. रंगपंचमीच्या आधी तो उघडतात, पूजा करतात, आणि फुलं उकळून केलेल्या रंगाने भरतात. मग गल्लीतले लोक एकामागून एक त्यात उड्या मारतात. मी तर तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

नाना काठावर मूठ डोळ्याला लावून उभे. गल्लीतला एक दांडगा गडी ओला होऊन वर आला. "काय नाना, बघायला आलात? इथं बघणाऱ्याला सुट्टी नसते." आणि त्याने नानांना चष्म्यासकट उचलून आत सोडलं.

नाना वर आले ते नखशिखांत शेंदरी. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी चष्मा माझ्याकडे दिला, नाक धरलं आणि आपणहून परत खाली गेले. गल्ली हसून बेजार झाली.

नंतर एका ओट्यावर पाणी निथळत बसले. डोळे लालभडक.

"आत डोळे उघडले मी."

"जळजळत असतील."

"जळजळतायत. पण ग्रॅज्युएट, आत कशालाच कडा नाही. रंग कुठे सुरू होतो, कुठे संपतो, पत्ता लागत नाही. आणि मी आजवर आधी रेघ काढली, मग रंग भरला."

रहाडीतला उरलेला रंग गल्लीवाल्यांनी आनंदाने दिला. तो डब्यांत भरून आम्ही सायकलवरून नेला. नानांनी त्यात मांजरपाटाचं भलंमोठं कापड भिजवलं. नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दारातून म्हणाल्या, "न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नाही, आणि यांना वसंत सुचतोय."

नानांच्या कानामागचा रंग साबणाने घासूनही जात नव्हता. त्यावरून आम्ही दोघा शहाण्यांनी ठरवलं की अंगावर जो इतका टिकतो तो कापडावर जन्मभर टिकेल. कापड गच्चीवर वाळत घातलं आणि ऑफिसला गेलो. ऊन चैत्राच्या तोंडावरचं. दोन-चार दिवसांत फुलांचा तो रंग उन्हाने पिऊन टाकला.

नेमका तेव्हाच दिग्दर्शक आला. गच्चीवर उभा राहून म्हणाला, "नाना, हे धुतलेलं धोतर आहे."

"रंग उडाला," नाना एवढंच बोलले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"मग मी काळ्याचं सांगून टाकतो."

नाना कापड गोळा करायला वाकले आणि तसेच थांबले. जिथे चुण्या पडल्या होत्या, तिथे ऊन पोचलं नव्हतं. त्या घडीत रंग शाबूत होता, आणि घडीच्या तोंडापासून तो विरत विरत फिका झाला होता. त्यात एकही रेघ नव्हती.

"पाडवा झालेला नाही अजून," नाना म्हणाले. "तुम्ही पाडव्याला या."

उरलेल्या रंगात त्यांनी कापड पुन्हा बुडवलं. या खेपेला कुंचला नव्हताच. खालच्या अंगावर सतरंज्या अंथरल्या, मधल्यावर काकूंचं जुनं लुगडं, आणि वरचा भाग उन्हाला मोकळा सोडला. मग रोज सकाळी ते सतरंजी थोडी खाली सरकवत. काकूही दुपारी वर येऊन बघू लागल्या. नाना म्हणायचे, "आजवर भरत आलो. आता काढून घ्यायला शिकतोय."

पाडव्याला दिग्दर्शकाने ते कापड आधी जवळून, मग गच्चीच्या कठड्यापासून पाहिलं. शेवटी म्हणाला, "दिव्यांखाली कसं दिसेल, सांगता येत नाही. मागे काळाही बांधून ठेवतो. जमलं नाही तर मध्यंतरात हा उतरवू." नानांनी मान डोलावली.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा विषय निघाला की जुने लोक रहाडीत पडल्याची गोष्ट सांगून हसतात. तो पडदाही पुढच्या वर्षापर्यंत पांढरा होऊन गेला. माझ्या मनात राहिला आहे तो प्रयोग.

पहाट शेवटी असली तरी पडदा पहिल्या अंकापासून लागला होता. अंधारात तो नुसता धुरकट दिसायचा. पहिल्या अंकाच्या अखेरीसही थोडं उजाडतं, तेव्हा दिवेवाल्याने उजेड हळूहळू वाढवला. खालून शेंदरी, मग पिवळसर, वर जवळजवळ काहीच नाही. हॉलमध्ये चैत्राचा उकाडा होता, लोक पुठ्ठ्यांनी वारा घेत होते. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईने हातातला पुठ्ठा मांडीवर ठेवला आणि पदर ओढून दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला, भल्या पहाटे अंगणात आल्यावर घेतात तसा. नाना तिच्याकडे बघत होते, रंगमंचाकडे नव्हे.

मध्यंतर झाल्यावर आम्ही आत गेलो. नानांच्या कपाळावर घाम होता. पडदा जागेवरच होता. दिग्दर्शकाने मागचा काळा पडदा सोडवून त्याची जाड घडी केली होती, आणि तिच्यावर मांडी घालून तो चहा पीत होता. नानांना पाहून तो थोडा बाजूला सरकला आणि त्याने घडीवर हात थोपटून त्यांना जागा करून दिली.