आबेदा चली मैके

निजामाच्या अमलात औरंगाबादेतल्या लग्नघरी आबेदाची ढोलकी वाजली नाही, तर बायका म्हणायच्या, "हे काय लग्न म्हणायचं, माय!" आबेदा मिरासन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लग्नात गाणारी. समोर बसलेल्या एखादीचं नाव गाण्यात घालायचं आणि तिची फिरकी घ्यायची, हा तिचा धंदाच. ती बाई लाजायची, बाकीच्या खिदळायच्या आणि सकाळी विसरूनही जायच्या.

एकच गाणं कुणी विसरलं नाही. बेगमपुऱ्यातली राहत चुलीवर तवा तसाच टाकून नवऱ्याचं घर सोडून माहेरी गेली. आबेदाला आयतं सापडलं. "राहत चली मैके, तवा चुल्लेपो छोड के!" झालं! शहागंजापासून फर्दापुरापर्यंत टांगेवाले गायला लागले, शेंबडी पोरं गायला लागली. नवरा राहतला त्याच तव्याचे चटके द्यायचा, हे आबेदाला कळलं तेव्हा गाणं कधीच हातचं सुटलं होतं. तिला लई वाईट वाटलं. पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार?

वर्षं गेली. गाणं राहिलं, बाईला लोक विसरले. राहतनं भावाच्या हातमागावर हिमरूचं कापड विणून पोरगी वाढवली. पोरीला पडेगावचं चांगलं स्थळ आलं. मेहंदीला नवरदेवाकडच्यांनी हौसेनं आबेदाला आणलं. आबेदानं ढोलकीची दोरी ओढली, मान वर केली, तर समोर नवरीची आई म्हणून राहत बसलेली. राहतनं तिला ओळखलं आणि ओढणी हातावर ओढून घेतली.

नवरदेवाची आई वहिदा मनानं चांगली, पण जिभेला हाड नाही. "आबेदाबी, ते तव्याचं होऊन जाऊ दे की!" बायकांनी टाळ्या धरल्यासुद्धा. नाही म्हणावं तर का नाही, ते विचारणार. राहतचं नाव घ्यावं तर वहिदा म्हणणार, ती राहत हीच काय? मग लग्न मोडणार, नाहीतर पोरीला सासरी जन्मभर टोमणे. दुसरं नाव घालावं तर समोरच्या कुणाच्या तरी कपाळी तेच चिकटणार.

राहतनं डोळे मिटून घेतले.

आबेदानं थाप मारली आणि गळा मोकळा सोडला, "आबेदा चली मैके, तवा चुल्लेपो छोड के!"

"या अल्ला, हिनं तर स्वतःलाबी नाय सोडलं!" वहिदा हसून हसून लोळायची बाकी राहिली.

लग्न लागलं. गाण्याला नवं नाव चिकटलं ते चिकटलंच. आबेदा गुलमंडीतून निघाली की टवाळ पोरं मागून सूर धरायची. घ्या! आता शिव्या कुणाला देणार? ती हसून घ्यायची, पण घरी येऊन ढोलकी खुंटीला टांगली की तिला रडू यायचं. तिला माहेर असं नव्हतंच. आईबाप पटकीच्या साथीत गेलेले, भाऊ नाही, बहीण नाही. तिला न्यायला कधी कुणी आलं नव्हतं.

ईदेच्या तोंडावर तिच्या दारात टांगा थांबला. बांगड्यांचा पुडा घेऊन राहत उतरली. आबेदाची नजर वर होईना.

"कुणाकडं आलीस गं?"

"तुला न्यायला, आपा. सगळं गाव ओरडतंय, आबेदा चालली माहेरी. मग येतेस ना?"

"तवा चुलीवर हाय," आबेदा कशीबशी म्हणाली.

"असू दे," राहत म्हणाली. "चल."