रंग लिहून मागणारं सॉफ्टवेअर

आमच्या प्रयोगशाळेत आलेख काढायचं सॉफ्टवेअर कुणी विचार करून निवडलं असेल, असं मला वाटत नाही. एकाने पुण्याच्या मित्राकडून पेन ड्राइव्हवर आणलं, दुसऱ्याने आमचे मार्गदर्शक सर वापरतात म्हणून तेच घेतलं, तिसरीला त्यातले रंग आवडले. मी मात्र पुष्कळ विचार करून निवडलं होतं. माउसला हात लावू न देणारं, प्रत्येक गोष्ट टाईप करायला लावणारं. "एवढा खटाटोप कशाला? दोन क्लिकमध्ये होतं की," असं सगळे चिडवायचे. मी सांगायचो, फुकट आहे, लायसनची कटकट नाही, आकडे बदलले तरी आलेख पुन्हा आपोआप तयार होतो. सगळी कारणं खरीच होती. उरलेलं एक मी कुणालाच सांगत नव्हतो. मला लाल आणि हिरवा वेगळे ओळखू येत नाहीत. त्या सॉफ्टवेअरमध्ये रंग ओळखावा लागत नाही, त्याचं नुसतं नाव लिहावं लागतं.

हे मला कळलं नगरच्या लष्कर भरतीत. रंग तपासायच्या ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा मला काही केल्या दिसेना आणि माझ्या मागची पोरं तो भराभर वाचून पुढे गेली. घरी खोटंच सांगितलं, छाती कमी भरली म्हणून. तेव्हापासून धास्तीच बसली, की हे एकदा कळलं की माणसं दार लावून घेतात.

संशोधनाचा विषयही मी जपूनच शोधला. खर्ड्याजवळ एका डाळिंबाच्या बागेत काही ओळींना उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, अंथरायचं, काही उघड्या ठेवायच्या आणि उन्हाळ्यात मातीत ओल कुठे जास्त टिकते ते यंत्राने मोजायचं. यंत्र आकडे देतं, रंग नाही. तरी सरांनी ओळींना लाल-हिरवे झेंडे लावायला सांगितलेच. मी गुपचूप प्रत्येक काठीवर काळ्या शाईने आकडा टाकला. बागवाले काका बघत उभे होते.

"झेंडं हायेत की वो! आकडं कशापायी?"

"उन्हाने झेंडे विटतात, काका."

"आजच तर लावलं तुमी," ते म्हणाले आणि हसले. त्यांच्या मनात काही नसणार, पण मला दरदरून घाम फुटला. त्या वर्षांत माझ्याकडे बघून कुणी हसलं, की मला ते त्याच कारणाने हसल्यासारखं वाटायचं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, त्या सकाळी सर खुशीत होते. "तुझे आलेख फार रुक्ष रे. मी जरा नटवलेत." त्यांच्या आवडत्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी सगळे आलेख नव्याने काढले होते, तेही हौसेने. मी पडद्याकडे पाहिलं. माझी एक रेष अखंड असायची, एक तुटक. आता दोन्ही अखंड, दोन्ही सारख्याच मातकट, एकमेकींत गुंतलेल्या.

आकडे पाठ होते, त्यांच्या जोरावर बोलत राहिलो. मग परीक्षकांनी लेजर रोखला. "ही रेष इथे अशी एकदम खाली का आली?"

ही म्हणजे कोणती? इथे म्हणजे कुठे? लेजरचा लाल ठिपकासुद्धा मला दिसेना. अंदाजाने काहीतरी ठोकून द्यावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण चुकलो असतो, तर स्वतःचंच काम न ओळखणारा ठरलो असतो, म्हणजे काम दुसऱ्याकडून करून घेतलेला. त्याची भीती जास्त वाटली.

"सर, मला हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. तुमचा ठिपकाही दिसत नाही."

माझ्या सरांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. परीक्षकांनी लेजर खाली ठेवला. "मग तुम्हाला दिसेल असा आत्ता काढता येईल?"

माझं सॉफ्टवेअर उघडून टाईप करताना एक साधा शब्द दोनदा चुकला. शेवटी पडद्यावर दोन काळ्या रेषा आल्या, एक अखंड, एक तुटक. परीक्षक उठून पडद्यापाशी गेले आणि तुटक रेषेच्या खळग्यावर बोट टेकवून म्हणाले, "ही."

"ती पाचटाच्या ओळींची. त्या आठवड्यात पाचटाखाली ठिबकची नळी तुंबली होती. वरून कळलंच नाही."

त्यांनी मान डोलावली. पुढचे प्रश्न सरळ होते आणि दुपारपर्यंत पदवीची शिफारसही झाली.

जिन्यात सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते दुखावले होते. "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? मी काय खाऊन टाकणार होतो तुला?"

इतक्या वर्षांची धाकधूक एकदम वर आली आणि मला चक्क राग आला. "सांगितलं असतं, तर घेतलं असतं मला?"

सर पायऱ्या उतरत राहिले. खालच्या वळणावर थांबले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"नसतं घेतलं," ते म्हणाले.