वेणूअक्का आणि दुसरी आंघोळ

वेणूअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या उभ्या उभ्या झोपल्या होत्या. बेळगाव नुकतंच म्हैसूर राज्यात आलं होतं आणि मी मॅट्रिक होऊन नर्सिंग शिकायला बंगळुरात काकांकडे आले होते. चामराजपेठेतल्या आमच्या वठारात एका अंगणाभोवती सात-आठ बिऱ्हाडं होती आणि नळ एकच. पहाटे घागर घेऊन गेले, तर एक बाई नळापाशी उभ्या. घागर भरून पाणी अंगणभर वाहत होतं, त्यांचा हात नळावर होता आणि डोळे मिटलेले. मी भीत भीत हाक मारली. त्या दचकल्या, पाण्याकडे बघून म्हणाल्या, "अय्यो! स्वल्प डोळा लागला ग. कुणाला सांगू नको." आज इतक्या वर्षांनी सगळ्यांना सांगते आहे. अक्कांच्या पंचाहत्तरीच्या दिवशी एवढा गुन्हा माफ असावा.

गौरवग्रंथाच्या मंडळींनी मला अक्कांच्या जिद्दीवर लिहायला सांगितलं आहे. जिद्द वगैरे शब्द व्यासपीठावर शोभतात. मी जवळून पाहिला तो अक्कांचा थकवा. त्यांची अर्धी तयारी पेंगत झाली, उरलेली चिडचिड करत. मी स्वतः आता गुडघे धरून बसणारी बाई आहे, त्यामुळे त्या थकव्याची किंमत मला आता जास्त कळते. त्याविषयीच लिहिते.

अक्का तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. दोन मुलं, सरकारी कारखान्यात पाळीपाळीनं काम करणारे यजमान, ज्यांना सगळं वठार अण्णा म्हणे, आणि सासूबाई. सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणत, म्हणून आम्हीही म्हणत असू. घराणं पिढ्यान्पिढ्या बंगळुरात मुरलेलं. भांडण कानडीत सुरू व्हायचं आणि मराठीत मिटायचं.

अक्कांना नर्स व्हायचं होतं, त्याला कारण त्यांचे सासरे होते. ते दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. अक्कांनी जीव तोडून केलं, तरी त्यांच्या पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. शेवटी शेवटी मिशनच्या इस्पितळातून एक नर्सबाई घरी आल्या. त्यांनी सासऱ्यांना कुशीवर कसं वळवायचं, चादरीला सुरकुती का राहू द्यायची नाही, पाठ कशी पुसायची ते अर्ध्या तासात करून दाखवलं. फार उशीर झाला होता. अक्का मला म्हणाल्या, "मंगले, दोन वर्षं मी त्यांना नुसतं वरण-भात भरवला ग. एवढीशी गोष्ट मला कुणी सांगितली नाही." ते सांगताना त्या भाजी निवडत होत्या आणि हात थांबला नव्हता.

कँटोन्मेंटातल्या त्या इस्पितळाच्या नर्सिंग शाळेत घरून ये-जा करणाऱ्या लग्नाच्या बायकांनाही थोड्या जागा असत. इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवं, तोंडी परीक्षा व्हायची, आणि मग काही दिवस वॉर्डात ठेवून मेट्रनबाई माणूस पारखायच्या. वयाची अट होती. अक्कांच्या हातात ते एकच वर्ष उरलं होतं.

मीही त्याच शाळेसाठी तयारी करत होते, आमची तिथंच गट्टी जमली. मी त्यांना इंग्रजी शिकवायची आणि त्या मला आजारी माणूस उचलायला. अभ्यासाची वेळ दुपारची, जेवणं उरकल्यावर. अण्णा रात्रपाळी करून आलेले असत आणि आतल्या खोलीत घोरत असत. अक्का त्यांच्याच हातावर बोट फिरवून हाडांची नावं पाठ करायच्या. खांद्यापासून सुरू करून मनगटापर्यंत पोचेपर्यंत कितीदा तरी त्यांची मान अण्णांच्या दंडावर पडायची. पट्ट्या बांधायचा सरावही त्यांच्यावरच. एकदा डोक्याची पट्टी सोडायची राहिली आणि अण्णा तसेच कामावर गेले. साहेबांनी घाबरून त्यांना घरी पाठवलं. अण्णा आल्या आल्या म्हणाले, "वेणू, रोज बांधत जा. फुकटची रजा मिळते." घरात हसणारे ते एकटेच होते, पण त्यांचं हसणं सगळ्यांना पुरायचं.

खरी अडचण चुलीपाशी होती. आत्याबाईंचं सोवळं, घरातल्या भाषेत मडी, भारी कडक. पहाटे आंघोळ करून ओलेत्यानं त्या न्हाणीतून निघायच्या, तेव्हापासून पूजा, स्वयंपाक, नैवेद्य होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. त्या आल्या की अक्का पटकन पदर आवरून भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. मुलंही तेच करत. लग्न होऊन आल्यापासून रोजची सवय, अंगवळणी पडलेली. वॉर्डातले दिवस जवळ आले तेव्हा आत्याबाईंनी साफ सांगितलं, "दवाखान्यात दहा जातीचा विटाळ घेऊन यायचं आणि माझ्या चुलीपाशी बसायचं, हे ह्या घरात होणार नाही. जायचं तर जा. रांधणार कोण, तेवढं सांगून जा."

हे जाऊ नको म्हणण्याचंच दुसरं रूप होतं. आत्याबाईंचे हात संधिवातानं वाकडे झाले होते, भाकरीचं पीठ मळणंही त्यांना जमत नसे. अण्णाच उठले, म्हणाले, "सरी, ठीक आहे, मी नेसतो मडी." श्राद्धापक्षाला पुरुष सोवळ्यानं रांधतात, मग एरवी का नको? आत्याबाईंना शास्त्रात खोट सापडेना. दुसऱ्या दिवसापासून अण्णा कारखान्यातून यायचे, आंघोळ करून ओला पंचा गुंडाळायचे आणि चुलीत फुंकर मारत बसायचे. नैवेद्याआधी चाखायचं नाही, त्यामुळे सारात मीठ चुकलं की देवासकट सगळ्यांना ते तसंच गिळावं लागे. मी दोनदा जेवले आहे. देवाची सहनशक्ती मला तेव्हा कळली.

एवढं सगळं घडून अक्का वॉर्डात आल्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घात झाला. मीही त्याच वॉर्डात होते. एक म्हातारी विधवा बाई, केस उतरवलेल्या, डोईवरून पदर घेतलेल्या, पलंगावरून उतरत होत्या. आधारासाठी त्यांनी अक्कांकडे हात पुढे केला. आणि अक्कांनी पदर आवरला, दोन पावलं मागं सरकल्या आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. म्हातारीचा हात तसाच हवेत राहिला, तोल गेला. मी धावून धरलं म्हणून पडल्या नाहीत. मेट्रनबाई दारातच उभ्या होत्या.

त्यांनी काय पाहिलं? एका बाईला रोग्याची किळस आली, एवढंच. खरी गोष्ट उलटी होती. डोईवर पदर घेतलेली म्हातारी जवळ आली की तिचं सोवळं मोडू नये म्हणून बाजूला व्हायचं, हे अक्कांच्या अंगात भिनलेलं होतं. तो मान होता. पण हे इंग्रजीत मेट्रनबाईंना कसं सांगायचं, ते अक्कांना जमेना, मलाही जमेना. मेट्रनबाई दुष्ट नव्हत्या. म्हणाल्या, सहा महिन्यांनी पुन्हा निवड आहे, शेवटची संधी म्हणून या. पण माणसानं हात पुढे केला की तुमचा हात आपोआप पुढे आला पाहिजे, विचार करून आलेला मला चालणार नाही.

परतताना बसमध्ये अक्का रडल्या नाहीत. खिडकीला डोकं टेकून म्हणाल्या, "इंग्रजी शिकता येतं ग. हे कसं काढायचं अंगातून?" माझी निवड झाली होती, ते त्यांना सांगायलाही मला लाज वाटत होती.

घरी त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. आत्याबाई जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. ऐकलं आणि माळ तशीच हातात धरून राहिल्या. "सुटलीस एकदाची," असं त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

माझी शाळा सुरू व्हायला अजून अवकाश होता, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. थंडीचे दिवस, पहाटेची वेळ, मी नळावर होते. आत्याबाई आंघोळ करून ओलेत्यानं अंगणात आल्या. समोर अक्का. अक्का सवयीनं पदर आवरून भिंतीला लागल्या. आत्याबाई थांबल्या.

"वेणू, इकडे ये. शीव मला."

अक्कांना कळेना. "आत्याबाई, तुम्ही मडीत आहात."

"मला काय दिसत नाही? ये म्हटलं ना." आणि त्यांनी तो वाकडा हात पुढे केला.

अक्कांचा हात उठेना. मी बघत होते, खांद्यापासून उठायचा आणि पदरापाशीच अडायचा. शेवटी आत्याबाईंनीच पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. नळावरच्या बायका घागरी सोडून बघत राहिल्या. आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या, पण मला ऐकू आलं, "तुझ्या सासऱ्यांनी शेवटी एकदा असाच हात पुढे केला होता. मी मडीत होते. मी पदर आवरला." मग मनगट सोडून म्हणाल्या, "आज मी धरलं. उद्या तू धरायचं." आणि मागं वळून पुन्हा न्हाणीत गेल्या. हंड्यातलं ऊन पाणी संपलं होतं. गार पाण्यानं दुसऱ्यांदा आंघोळ केल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

त्यानंतर पुढची निवड होईपर्यंत हे रोज चाललं. पहिली आंघोळ, अंगणात हात पुढे, अक्कांचा स्पर्श, मग दुसरी आंघोळ आणि पूजा. सुरुवातीला अक्का दचकायच्या, रागवायच्या, "तुम्हाला खोकला झालाय, आज नको," म्हणायच्या. आत्याबाई ऐकायच्या नाहीत. अण्णा म्हणाले, "आई, एवढं करतेस तर मडीच सोडून दे की." त्यावर त्या म्हणाल्या, "सोडू कशाला? मडी माझी आहे, मोडायची सवय हिला लागायची आहे." त्या बाईनं सोवळं सोडलं नाही आणि सुनेलाही सोडलं नाही. सहा महिने त्या खोकल्या. अक्कांच्या शिक्षणाला कुणी काय दिलं याचा हिशोब मांडला, तर तो खोकला मी पहिल्या ओळीत लिहीन.

उन्हाळ्यात अक्का दुसऱ्यांदा वॉर्डात उभ्या राहिल्या. पलंगावरच्या बाईंनी हात नुसता हलवला आणि अक्कांनी तो धरलासुद्धा. मेट्रनबाईंनी मान डोलावली. घरी येऊन अक्का सांगायला लागल्या आणि सांगता सांगता भिंतीला टेकून झोपी गेल्या.

पुढचं आपणा सगळ्यांना ठाऊक आहे. अक्कांनी शिक्षण पूर्ण केलं, वॉर्ड सिस्टर झाल्या, आपल्यापैकी कितीजणींना त्यांनी हाताशी धरून घडवलं. सकाळी आल्यावर त्या आधी प्रत्येक रोग्याच्या पाठीखालून तळवा फिरवायच्या. आम्ही त्याला पाठ बघणं म्हणायचो. चादरीला सुरकुती सापडली तर बोलायच्या नाहीत, स्वतःच नीट करायच्या, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. माझ्या हातात पहिला रोगी दगावला त्या दिवशी मी साबणानं हात धूत राहिले होते. अक्कांनी नळ बंद केला, स्वतःच्या डब्यातला दहीभात पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आधी जेव. रडणं पळून जात नाही." तसं त्यांनी कितीजणींना जेवू घातलं असेल, त्यांनाही आठवत नसेल.

एक प्रसंग मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. साठचं दशक संपत आलं तेव्हा आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. कित्येक महिने. अक्का वॉर्डातली पाळी करून यायच्या आणि घरी पुन्हा तेच काम, दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची. अण्णा मदतीला असत, तरी अक्कांना इतकं थकलेलं मी कधीच पाहिलं नाही, नळावर पहिल्यांदा भेटल्या त्या दिवशीही नाही. आत्याबाई कुजबुजायच्या, "वेणू, शिवलीस ना? आता आंघोळ कोण घालणार मला?" आणि अक्का म्हणायच्या, "मीच घालते की." आत्याबाई गेल्या तेव्हा मी तिथं होते. शेवटचं स्नान घालताना अक्कांनी त्यांना हळूच कुशीवर वळवलं आणि मला जवळ बोलावलं. "मंगले, बघ." पाठ लहान मुलासारखी कोरी होती, एक डाग नाही. तेव्हा अक्का रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

अक्का आता जे. पी. नगरात लेकाकडे असतात. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले, तर मला उठवून, वळवून आधी माझीच पाठ बघितली, "बसून बसून वाकलीस ग," म्हणाल्या. मग खुर्चीतून उठताना त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. सहज केला, मीही धरला. मला वाटतं, त्यांच्याकडून शिकलेलं एवढं एकच मी चुकत नाही.

वेणूअक्का, परमेश्वर तुम्हाला निरोगी शंभर वर्षं देवो, ही आम्हा सगळ्यांची प्रार्थना. पंचाहत्तर तुम्ही उभ्यानं काढलीत, झोपसुद्धा उभ्यानंच काढलीत. राहिलेली पंचवीस तरी आता बसून काढा. उठावंसं वाटलं तर नुसता हात पुढे करा. आम्ही आहोत.